पागोळीपट्टी

भावोजींनी पहारीचं टोक फरशीच्या फटीत घातलं, पाय रोवले आणि सगळ्या अंगाचा भार टाकला. फरशी आधी कुरकुरली, मग एका कडेने उचलली गेली. खालून ओल्या मातीचा वास आला आणि दोन-चार गांडुळं उजेडात आल्याबद्दल नाराजी दाखवत वळवळली. भावोजींनी फरशी कडेकडेने चालवत भिंतीपाशी नेली आणि आधीच्या चवडीवर काचेचं भांडं ठेवावं तशी अलगद ठेवली. मग कमरेवर हात देऊन वळले, तेव्हा त्यांना फाटकात उभा असलेला मेहुणा दिसला.

“या, मेहुणेबुवा! शहराने माणूस पाठवला म्हणायचा. पाहुणचाराला आलात की अंगण मोजायला?”

मेहुण्याच्या हातात सफरचंदांची पिशवी होती. ती त्याने या हातातून त्या हातात घेतली.

“हे काय आरंभलंय, भावोजी? या वयात?”

“वय कुठे पहार उचलतंय? मी उचलतोय.”

मेहुण्याला कचेरीत मोजणीसाहेब म्हणत आणि या घरात बारक्या. हे नाव शोभत होतं तेव्हा पडलं. आता पन्नाशी हाकेच्या अंतरावर आली, दारातून येताना पोट आधी आणि माणूस मागून येऊ लागला, तरी ताईच्या घरात तो बारक्याच राहिला. आईबाप लवकर गेल्यावर ताईने त्याला सासरी सोबत आणलं होतं आणि भावोजींनी, नव्या नवरीबरोबर हे रडकं सामानही आलं म्हणून कधी तोंड वाकडं केलं नव्हतं. भावोजी शाळेत भूगोल शिकवत. बारक्याला नद्या, पाणलोट, उतार हे सगळं त्यांच्याच छडीखाली पाठ झालं होतं. तो पुढे पाण्याचा इंजिनियर झाला, त्याचं श्रेय भावोजी नेहमी छडीला देत.

ही अंगणातली फरशी बारक्यानेच बसवून दिली होती. ताईचं खुब्याचं हाड मोडलं, चार पायांचा वॉकर हाती आला आणि मातीत त्या वॉकरचे पाय रुतू लागले, तेव्हा त्याने घराच्या उंबऱ्यापासून लिंबाखालच्या बाकापर्यंत सगळं अंगण फरसबंद करून दिलं. ताई रोज दुपारी खुडखुड करत त्या बाकापर्यंत जाई, बसे, रस्त्यावरच्या सगळ्यांची विचारपूस करी आणि खुडखुड करत परत येई. बाहेरच्या जगाशी तिचा संबंध उरला होता तो एवढाच.

“पण ताई आता बाकापर्यंत जाणार कशी?”

“ते तुझ्या शहराला विचार,” भावोजी म्हणाले, पण आवाजात धार नव्हती. “पागोळीपट्टी बसलीय आमच्यावर, पावसाच्या पाण्याचा कर. जेवढी टणक जमीन, तेवढी पट्टी. ही उपनगरातली मंडळी आधी कुरकुर करत होती. मग अध्यक्षबाई म्हणाल्या, समितीतल्या माणसांनी आधी स्वतःची अंगणं उकरून दाखवावीत, म्हणजे पाणी मुरेल, नाल्यात कमी जाईल आणि आपली पट्टी उतरेल. समितीत मी. मग काय, लोका सांगे ब्रह्मज्ञान करून चालतंय?”

“एक पट्टा तरी ठेवायचा होता. चालण्यापुरता.”

“तीच तर गंमत. तुझी ताई म्हणाली, मास्तरच्या घरात पट्टा राहिला तर गावभर बोभाटा होईल. काढा सगळं.”

खिडकीतून ताईचा आवाज आला.

“तो परक्यासारखा फाटकात काय उभा राहिलाय? आत ये. ढब्बूला ओलांडून ये, त्याला मातीत लोळायला आयतं मैदान मिळालंय.”

ढब्बू म्हणजे भावोजींचा कुत्रा. काळा, जाडा, आपल्याच मर्जीचा. उकरलेल्या मातीत तो पोट टेकून पसरला होता आणि बारक्याकडे त्याने एक डोळा उघडून पाहिलं, तेही उपकार केल्यासारखं.

आत ताई खिडकीशी खुर्ची लावून बसली होती. वॉकर कोपऱ्यात, त्यावर टॉवेल वाळत घातलेला. बारक्याची नजर त्या टॉवेलावर गेली तशी ती म्हणाली, “बरं पडतं. उगाच मोकळा कशाला ठेवायचा? आणि खिडकीतून दिसतं की लिंबाचं झाड. शिवाय डास कमी.”

तिने सफरचंदं मोजून टोपलीत रचली, एक कुजकं निघालं ते त्याला दाखवलं आणि म्हणाली, “तुला अजून फळं घेता येत नाहीत. पाणी तेवढं मोजता येतं.”

बारक्या हसला. हसताना त्याने खिडकीच्या गजावरचा रंगाचा पोपडा नखाने काढला, मग दुसरा काढला, मग ताईने त्याच्या हातावर चापट मारली.

निघताना भावोजी फाटकापर्यंत आले. पहार टेकून उभे राहिले.

“तुझ्या बढतीचं कुठवर आलं?”

“करारावर सह्या झाल्या की होईल म्हणतात.”

“आणि समज, कुणी मोजणीवर बोट ठेवलं तर?”

“तर… चौकशी लागते. ज्याने मोजलं त्याची.”

“हं,” भावोजी म्हणाले. त्यांनी पहारीच्या टोकाची माती चपलेने काढली. “बरं. जपून जा. गाडी सावकाश चालव.”

*

भांडण तसं साधं होतं. पाऊस पडतो तो सगळ्यांवर पडतो, शहर-उपनगर असा भेद त्याला कळत नाही. पण पडलेलं पाणी छपरांवरून, रस्त्यांवरून, वाहनतळांवरून सगळी घाण बरोबर घेऊन नाल्यात उतरतं आणि नाला उपनगरातून निघून शहरात शिरतो. शहराच्या टोकाला आता हे पाणी गाळून, निवळून मगच नदीत सोडणारं केंद्र उभं राहिलं होतं. केंद्र सगळ्यांना हवं होतं. खर्च कुणालाच नको होता. शहर म्हणे, घाण वरून येते, वरच्यांनी भरावं. उपनगर म्हणे, केंद्र तुमच्या दारात, नदी तुमच्या खिडकीतून दिसते, तुम्ही भरा. सामाईक विहिरीच्या दोरावरून दोन भाऊ भांडावेत तसं हे दोन वर्षं चाललं. दोघांनाही पाणी हवं आणि दोर दुसऱ्याने आणायचा. शेवटी ठरलं की नाला जिथे शहरात शिरतो तिथे मोजायचं, किती पाणी येतं आणि किती घाण घेऊन येतं. त्यावर वाटा. एकदा ठरला की पिढीभर तोच.

मोजायचं काम बारक्याकडे आलं. त्याचे भावोजी उपनगराच्या समितीत आहेत हे त्याने मोठ्या साहेबांना आधीच सांगितलं होतं. मोठे साहेब खूश झाले. “उत्तम! मेहुण्याने मोजलेलं मेहुणा नाकारेल कसं?”

आकडे लिहिलेली फळी, लोखंडी खांब, पाण्याची उंची टिपणारं यंत्र आणि घाणीचे नमुने घेणारी बाटल्यांची पेटी. हे सगळं कुठे बसवायचं ते ठरवायला बारक्या नाल्याकाठी हिंडला. बस डेपोच्या मागे एक छोटा पूल होता. तिथवर गाडी जात होती, झाडाची सावली होती, खांब बांधायला कठडा होता आणि कठड्यावर वाकलं की डेपोच्या कॅन्टीनमधून भज्यांचा वास येत होता. नकाशात डेपोचं पाणी दुसऱ्या बाजूच्या गटारात जात होतं. बारक्याने नकाशावर विश्वास ठेवला, भज्यांवर ताव मारला आणि खांब तिथेच बसवला. वरच्या अंगाला दोन वळणं चालत गेला असता तर चिखल लागला असता. तो गेला नाही. माणसाच्या हातून होणाऱ्या बहुतेक चुकांच्या मुळाशी पाप नसतं, चांगली सावली असते.

पहिल्या मोठ्या पावसात तो फळी वाचायला पुलावर आला, तेव्हा नाल्याच्या कडेने साबणाचा फेस वाहत होता. फेसावर तेलाचे रंग. फेस उपनगराकडून येत नव्हता. पुलाच्या थोडं वर, काठावर माजलेल्या वेलाच्या मागून येत होता. तो चिखलातून गेला, त्याने वेल बाजूला केला. मागे सिमेंटचा भलाथोरला पाइप होता, आत एखादं वासरू मावेल एवढा, आणि त्यातून डेपोचं सगळं पाणी, बस धुतल्याचं, इंजिनांखालच्या तेलाचं, बदाबदा नाल्यात पडत होतं. पाइप शहराचा. पाणी शहराचं. आणि खांब त्याच्या खालच्या अंगाला. म्हणजे शहराची सगळी घाण उपनगराच्या नावावर मोजली जात होती.

बारक्या तिथे भिजत उभा राहिला. मग त्याने वेल होता तसा पुन्हा ओढून घेतला.

हे करताना त्याने इकडेतिकडे पाहिलं, ही गोष्ट त्याला पुढे फार छळत राहिली. चूक त्याला माफ करता आली असती. पण आपण इकडेतिकडे पाहिलं होतं.

तो मोठ्या साहेबांकडे गेलाही होता. “साहेब, खांबाची जागा जरा…” एवढं म्हणाला.

“जागा? उत्तम आहे की जागा! आकडे वर पोचलेत. वरचे तुमच्यावर बेहद्द खूश आहेत.” मोठ्या साहेबांचं एक तत्त्व होतं, की आकडा आपल्या बाजूचा असेल तर त्याला पुन्हा मोजून त्रास देऊ नये. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि हसून विचारलं, “आणखी काही?”

आणखी काही नव्हतं. बारक्याने दार हळूच लावलं. त्यानंतर तो दर रविवारी ताईकडे काही ना काही घेऊन जाऊ लागला. फळं, गुडघ्याला लावायचं मलम, लोकरीचे मोजे. ताई एकदा म्हणाली, “काय रे, कुणाचं देणं फेडतोयस?” तिने गमतीने म्हटलं होतं.

*

बैठक उपनगराच्या सभागृहात झाली. एका बाजूला शहराची माणसं, दुसऱ्या बाजूला उपनगराची, मधे पाण्याच्या बाटल्या. उपनगराच्या अध्यक्षबाईंचं औषधांचं दुकान होतं, त्यामुळे समोरच्या माणसाला कुठला आजार असावा अशा नजरेने त्या सगळ्यांकडे बघत. त्यांच्या उजवीकडे भावोजी, डावीकडे बेकरीवाला. बेकरीवाल्याच्या छपराचा आकार मोठा, म्हणून पागोळीपट्टीही मोठी, म्हणून आवाजही मोठा.

भावोजी तयारीने आले होते. त्यांनी उतार काढला, मातीचा पोत काढला, पावसाची सरासरी काढली. “शहराचे रस्ते कोण वापरतं? आम्ही. मान्य. पण कामाला कुणाच्या जातो? तुमच्या!” मोठ्या साहेबांना त्यांनी दोनदा निरुत्तर केलं आणि तिसऱ्यांदा पाणी प्यायला लावलं. बारक्या खाली मान घालून ऐकत होता. लहानपणी असाच ऐकायचा.

तेवढ्यात बेकरीवाला म्हणाला, “ते सगळं राहू दे, मास्तर. मला एक साधी गोष्ट विचारायचीय. तो खांब त्या पुलापाशीच का लावला? आणखी वर का नाही? मला तर वाटतं तिथेच कुठेतरी पाणी मुरतंय.”

बारक्याचा पेन हातातून सुटला आणि टेबलाखाली घरंगळत गेला. तो वाकला नाही.

मोठ्या साहेबांनी तोंड उघडलं. पण त्यांच्याआधी भावोजी बोलले.

“खांबाचं सोडा. मोजणी तज्ज्ञांनी केलीय. उगाच फाटे नकोत.”

“अहो, पण मास्तर…”

“मी म्हणतोय ना, तो मुद्दा नको!” भावोजींनी टेबलावर हात आपटला. असा हात त्यांनी शहरावरही आपटला नव्हता. बेकरीवाला खुर्चीत मागे रेलला, अध्यक्षबाईंनी भावोजींकडे नवीनच काही लक्षण दिसावं तसं पाहिलं आणि खुर्च्या करकरल्या.

ठरलं ते असं. येत्या गुरुवारी सकाळी दोन्ही बाजूंनी नाल्याकाठी जाऊन खांब डोळ्यांनी पाहायचा, ही रीत म्हणून, आणि परत येऊन सह्या करायच्या.

बाहेर पायऱ्यांवर मोठ्या साहेबांनी बारक्याच्या पाठीवर थाप मारली. “तुमचे भावोजी म्हणजे रत्न आहेत हो!” बारक्याला इतकं हलकं वाटत होतं की त्याची त्यालाच लाज वाटली. भावोजी चपला शोधत होते. जाताना ते फक्त एवढंच म्हणाले, “रविवारची वाट बघू नकोस. ताई आठवण काढत होती.”

*

तो दोनच दिवसांनी, संध्याकाळी गेला. अंगण आता नुसती माती होती. भिंतीशी फरश्यांची चवड नीट रचलेली, वर प्लास्टिक झाकून चार विटा ठेवलेल्या. दाराच्या उंबऱ्याशी ताई खुर्चीत बसली होती, पुढ्यात पाण्याचं घमेलं. एका हाताने तिने ढब्बूची मान दाबून धरली होती आणि दुसऱ्या हाताने भांडी घासायच्या साबणाने त्याचे पंजे चोळत होती. ढब्बूचा चेहरा फाशी जाणाऱ्यासारखा झाला होता.

“धर रे याला जरा. मेला दोन हातांत मावत नाही.”

बारक्याने बैठक मारून कुत्र्याला धरलं. पंजे काळेकुट्ट होते. माती नव्हे. घमेल्यातल्या पाण्यावर तेलाचे रंग पसरले होते.

“हे कुठून आणलं याने?”

“रोजचं आहे. हे सकाळी त्याला नाल्याकाठाने फिरायला नेतात ना, तर तो त्या डेपोच्या पाइपाखालच्या डबक्यात जाऊन बसतो. गार लागतं म्हणे. वर्ष झालं, रोज तेच. मी म्हणते, दुसऱ्या वाटेने न्या. तर हे म्हणतात, त्याला आवडतं. आणि मग तेल काढायचं कुणी? मी. हा पाय धर. हा नाही, मागचा.”

बारक्याने मागचा पाय धरला. घमेल्यातलं पाणी त्याच्या मनगटावरून बाहीत शिरलं. त्याने बाही वर केली नाही.

“वर्ष झालं?”

“झालं असेल. मागच्या पावसाळ्यापासून.” ताईने पंजाच्या बोटांत साबण घातला. “पूर्वी घरी येऊन मला सगळं सांगायचे, कुठे कुणाचं गटार कुठे जातं. आता नाल्याचं नाव काढलं की उठून आत जातात. आणि आता हे बेकरीवाल्याकडे गेलेत, त्याची समजूत घालायला. लोक काहीबाही बोलायला लागलेत रे.”

“काय बोलतात?”

“मास्तर शहराला विकले गेले म्हणतात. मेहुण्याने पैसे चारले म्हणतात. चाळीस वर्षं ज्या पोरांना शिकवलं ती पोरं रस्त्यात तोंड फिरवतात. काल दुधवाल्यानेसुद्धा नीट उत्तर दिलं नाही. ह्यांनी मला काही सांगितलं नाही, पण रात्री नुसते कूस बदलतात.” ती थांबली. “बेकरीवाला इथे आला होता. मी त्याला चांगला झाडला. म्हटलं, माझ्या भावाने मोजलंय. तो लहानपणी दूधसुद्धा रेघेपर्यंत मोजून प्यायचा आणि रेघेच्या खाली भरलं असेल तर रडायचा. त्याने मोजलंय म्हणजे मोजलंय. बरोबर ना रे?”

ढब्बूने अंग झटकलं. दोघांच्याही तोंडावर तेलकट शिंतोडे उडाले. ताई शिव्या घालत हसू लागली. बारक्याने रुमालाने चेहरा पुसला आणि बराच वेळ तो रुमाल चेहऱ्यावरच ठेवला.

“डोळ्यात गेलं का?” ताईने विचारलं.

“हो.”

“पाणी मार.”

*

गुरुवारी सकाळी आभाळ कोरडं होतं. पुलावर दोन्ही बाजूंची माणसं जमली. मोठे साहेब पांढऱ्या पँटमध्ये आले होते. सह्या झाल्यावर फोटो निघणार होता. अध्यक्षबाई नाकाला पदर लावून उभ्या. बेकरीवाला कुणाशी बोलत नव्हता आणि भावोजींच्या शेजारीही उभा राहत नव्हता. भावोजींच्या शेजारी कुणीच उभं नव्हतं. त्यांच्या हातात ढब्बूची साखळी होती.

“कुत्रा कशाला आणला, मास्तर?” अध्यक्षबाईंनी विचारलं.

“फिरायची वेळ त्याची. घरी रडतो.”

आणलं नसतं तर बरं झालं असतं, हे भावोजींना पुलावर पाऊल ठेवताच कळलं असावं. कारण ढब्बूला रोजची वाट माहीत होती. खांबापाशी सगळे थांबले तरी तो थांबायला तयार नव्हता. साखळी ताणून, पंजे फरफटवत तो वरच्या अंगाला ओढत होता. भावोजींनी साखळीचा वेढा मुठीभोवती घेतला. मग आणखी एक वेढा. त्यांच्या मनगटावर लाल वळ उठला होता.

मोठे साहेब फळीकडे बोट करून समजावत होते. पाणी इथवर येतं, यंत्र टिपून घेतं, बाटल्या भरतात. सगळं शास्त्रीय. “काही शंका?”

बेकरीवाल्याने भावोजींकडे पाहिलं, मग नाल्याकडे पाहिलं, आणि कडवटपणे म्हणाला, “आम्हाला कसल्या शंका? आमचे मास्तर आहेत ना निःशंक.”

ढब्बूने हिसका दिला तसे भावोजी अर्धं पाऊल पुढे गेले आणि पुन्हा मागे रेलले. एवढं अंगण उकरणारा माणूस, पण आता एका कुत्र्याला आवरताना त्यांना दम लागला होता. बारक्याला आठवलं, या माणसाने आपल्याला उताराची व्याख्या पाठ करायला लावली होती. पाणी नेहमी खालच्या दिशेने वाहतं. उत्तर चुकलं की हात पुढे करावा लागे. छडी मात्र हवेतच थांबायची. ती कधी लागली नाही.

तो त्यांच्यापाशी गेला आणि त्याने हात पुढे केला.

“भावोजी, द्या इकडे.”

“असू दे. मी धरतो.”

“द्या.”

भावोजींनी त्याच्याकडे पाहिलं. दोघांच्याही मुठी आता एकाच साखळीवर होत्या. खाली ढब्बू, वर दोघं, आणि कुणीच कुणाला सोडत नव्हतं.

“बारक्या,” भावोजी ओठांतल्या ओठांत म्हणाले, “तुझी नोकरी आहे.”

“माहीत आहे.”

“ताईला सांगू नको हं, मी…”

“ताईनेच सांगितलं. तिला ठाऊक नाही की तिने सांगितलं.”

भावोजींनी डोळे मिटले. मग त्यांनी मुठीभोवतीचे वेढे एकेक करून सोडवले.

साखळी हातात आली तशी बारक्याने ती ढिली सोडली. ढब्बू सुटला. पुलावरून उतरला, काठाकाठाने दुडक्या चालीने निघाला आणि वेलाच्या मागे दिसेनासा झाला. क्षणात चुबुक असा आवाज आला.

“मोजणीसाहेब, अहो कुठे चाललात?” मोठ्या साहेबांनी हाक मारली.

बारक्या बूट न काढता चिखलात उतरला होता. तो वळला नाही.

“सगळे या जरा इकडे. चिखल आहे, जपून या.”

कुणी आधी हललं नाही. मग बेकरीवाला निघाला, त्याच्या मागे अध्यक्षबाई साडी सावरत. बारक्याने वेल दोन्ही हातांनी धरला. मागच्या खेपेला तो सहज बाजूला झाला होता. आता चांगला माजला होता, मुळं सिमेंटात घुसली होती. तो ओढत राहिला. इकडेतिकडे त्याने पाहिलं नाही. शेवटी वेल मुळासकट आला आणि मागे पाइपाचं तोंड उघडं पडलं. पाऊस नसतानाही त्यातून काळी धार गळत होती आणि त्या धारेखाली डबक्यात ढब्बू डोळे मिटून समाधी लावून बसला होता.

“हे कुणाचं?” अध्यक्षबाईंनी विचारलं.

“डेपोचं. शहराचं.” बारक्याने हात पँटला पुसले. “खांब याच्या खाली लावलाय. जागा मी निवडली. मागच्या पावसात मला हे दिसलं होतं. तेव्हा मी वेल परत लावून ठेवला.”

पुलावरून मोठ्या साहेबांचा आवाज आला, “काय म्हणतायत ते? मला ऐकू येत नाही.” आणि कुणी उत्तर देईना तेव्हा ते पांढऱ्या पँटची काळजी करत खाली उतरू लागले.

बेकरीवाला पाइपाकडे पाहत राहिला, मग बारक्याकडे, मग मागून येणाऱ्या भावोजींकडे. शेवटी त्याने आपला हात पुढे केला, काठ उतरताना म्हाताऱ्या माणसाला धरायला. भावोजींनी तो धरला. खाली येऊन त्यांनी खिशातून रुमाल काढला, डबक्याशी उकिडवे बसले आणि ढब्बूचा एक पंजा हातात घेऊन पुसू लागले. कुणाकडेही न बघता.

बारक्या त्यांच्या शेजारी बसला. त्याला माफी मागायची होती. ती कुठून सुरू करायची हे त्याला कळेना. वर्षभर चाललेल्या गोष्टीला तोंड कुठे असतं?

“भावोजी, अंगण…”

“फरश्या आहेत,” भावोजी म्हणाले. त्यांनी पंजा उलटा करून बोटांत रुमाल फिरवला. “न्यायला माणूस येणार होता, पण मी त्याला अजून हो म्हटलेलं नाही.”

मोठे साहेब अर्ध्या उतारावर घसरले आणि कुणीतरी त्यांना सावरलं. भावोजींनी दुसरा पंजा घेतला.

“एक फुटली,” ते म्हणाले. “ताईच्या बाकापुढची. बाकीच्या शाबूत आहेत.”